मागच्या डाव्या चाकाचा आवाज

"एक तर हा आवाज बंद करा, न्हाईतर मला न्यायचं बंद करा," मामंजी म्हणाले.

गाडी पौडच्या अलीकडच्या मोरीवरून नुकतीच उतरली होती. मागच्या डाव्या बाजूनं 'ठॉक्' असा आवाज झाला होता आणि त्यापाठोपाठ त्यांच्या तोंडून निघालेलं 'आई गं' मी स्टीअरिंगवर बसून ऐकलं होतं. मागं त्यांच्या शेजारी बसलेल्या आत्याबाईंनी त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली. पिरंगुट येईपर्यंत मी गाडी इतकी हळू चालवली की मागचे टेंपोवाले हॉर्न वाजवून थकले.

मामंजी म्हणजे माझे सासरे आणि आत्याबाई म्हणजे सासूबाई. माझं माहेर मराठवाड्यातलं, तिकडं असं म्हणत नाहीत. लग्न करून मुळशीत आले तेव्हा ही दोन्ही नावं तोंडात बसायला वेळ लागला. बसली ती मात्र कायमची.

मामंजींचा आजार पाठीच्या मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मूळ दुखणं आता जाणार नाही, पण शेक, म्हणजे रेडिएशन, आणि इंजेक्शनं वेळेवर घेतली तर ते थोपवून धरता येईल. किती काळ, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. म्हणजे सगळं काही पुण्याला जाण्या-येण्यावर अवलंबून होतं. अँब्युलन्सचं नाव काढलं की ते भडकत. "त्या गाडीत चढलो की गाव म्हणंल, म्हातारा संपला," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं आमची गाडी, मागची डावी सीट, दारावरच्या दांडीला धरलेला हात आणि पाठीला उशी, हीच त्यांची बसायची पद्धत ठरली. दांडीला धरून अंग थोडं उचललं की मणक्यावरचा भार हलका होतो, असं ते म्हणायचे. पण मागून दणका बसला की तो दांडीबिंडी काही जुमानत नसे.

नवऱ्याची नोकरी चाकणच्या कारखान्यात, शिफ्टची. माझं काम संगणकावरचं, ते दवाखान्याच्या बाकावर बसूनही होतं. म्हणून न्यायचं-आणायचं माझ्याकडं आलं आणि त्याबरोबर तो आवाजही माझ्याकडं आला.

माझा पेशाच चुका शोधण्याचा. इतरांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कुठं काय बिघडतं ते मी शोधते. या कामानं माझा स्वभाव थोडा किरकिरा झालाय, असं नवरा म्हणतो, आणि ते खरं आहे. आमच्यात एक साधी शिस्त असते. चूक हवी तेव्हा पुन्हा घडवून दाखवता आली पाहिजे. ती एकदा हातात आली की अर्धं काम झालं. मला वाटलं, ज्या डोक्यानं मी एवढी वर्षं पोट भरलं, त्या डोक्यानं एक खडखड सापडू नये म्हणजे काय!

मी एकटीच गाडी घेऊन मोरीवर गेले. आवाज नाही. परत फिरले, पुन्हा गेले. नाही. डिकीतली स्टेपनी, जॅक, पान्हे, सगळं ओसरीवर काढून ठेवलं आणि मामंजींना घेऊन गेले, तर 'ठॉक्'. म्हणजे डिकीतलं सामान नव्हे. तेवढं एक नक्की झालं.

पिरंगुटला आमचा एक गॅरेजवाला आहे, तोंडानं अखंड चालू आणि अंगानं काडी. तो मागं बसला, मी गाडी चालवली. काही नाही. मग तो चालवायला बसला, मी मागं. अगदी बारीक काहीतरी ऐकू आलं, पण ते रस्त्याचंही असू शकत होतं. त्यानं गाडी लिफ्टवर उचलली. चाकं हवेत लोंबकळत होती. त्यानं पहारीनं इथं रेटलं, तिथं रेटलं, शॉकअप हलवून बघितले.

"ताई, सगळं टाईट हाय," तो म्हणाला.

"मग आवाज काय माझ्या डोक्यातून येतो?"

तो हसला आणि खबरदारी म्हणून त्यानं मागचे रबरी बुश बदलून दिले. दुसऱ्या दिवशी मोरीवर 'ठॉक्'. मामंजींनी डोळे मिटून घेतले आणि ओठ आवळले. बोलले असते तर बरं झालं असतं.

शहरातल्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली, तर तिथल्या टाय लावलेल्या माणसानं गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि म्हणाला, "मॅडम, या मॉडेलला एवढा आवाज नॉर्मल आहे." मी त्याला म्हटलं, एकदा पाठीचं हाड मोडून मागं बसा, मग नॉर्मल म्हणा. बाकीच्या गिऱ्हाइकांनी वळून बघितलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

आता मामंजींबद्दल सांगायला हवं, म्हणजे ते आजाराच्या आधी कसे होते ते. माणूस अंगानं दांडगा. मी लग्न होऊन आले त्या वर्षी गिरणीवरून आलेले तांदळाचे पन्नास-पन्नास किलोचे कट्टे ते एकामागून एक खांद्यावर घेऊन माळ्यावर टाकत होते आणि मधेच माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमच्यात ज्वारीची पोती असत्यात न्हवं? त्येबी उचलंन." गाडीत ते बसले की गाडी डावीकडं खाली जायची. आत्याबाईंची ठरलेली थट्टा असे. "बसली बगा गाडी भुईला. आता मी कशाला बसू? मला यष्टीनं जाऊ द्या." मामंजी मग मुद्दाम जोरानं बसायचे. आजारपणाच्या सुरुवातीलाही ही थट्टा चालायची. पुढं ती कधी बंद झाली, ते मला आठवत नाही.

गॅरेजवाल्यानं नंतर मागचे दोन्ही शॉकअप नवे टाकले. आवाज थोडा कमी झाला. मला हुरूप आला. मग त्यानं सायलेन्सरची रबरं बदलली, कुठं कुठं नट आवळले. आवाज आणखी कमी झाला. दर खेपेला मी मोरीच्या आधी गाणी बंद करायची, काच वर करायची आणि कान मागं लावून बसायची. 'ठॉक्'चा 'ठक्' झाला, 'ठक्'चं नुसतं 'टिक्' झालं. आणि एका सकाळी मोरी आली, गाडी उतरली आणि काहीच झालं नाही.

"आत्याबाई, आवाज आला?"

"न्हाई गं."

"मामंजी?"

"न्हाई," ते म्हणाले. "गप झाली गाडी."

मला इतकं हायसं वाटलं की भूगावला गाडी कडेला लावून मी पेढे घेतले. घरी आल्यावर आत्याबाईंनी गाडीच्या चाकापुढं नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं. नव्या गाडीचंही इतकं कौतुक झालं नव्हतं. नवऱ्यानं गॅरेजवाल्याला फोन लावून आभार मानले. मामंजी ओसरीवरच्या खुर्चीत बसून सगळं बघत होते. खोबऱ्याचा तुकडा त्यांनी हातात घेतला, खाल्ला नाही.

त्याच सुमारास डॉक्टरांनी शेक-इंजेक्शनांची आणखी एक फेरी सुचवली. मामंजी नको म्हणतील अशी धास्ती सगळ्यांना होती, कारण मधे त्यांनी निक्षून सांगितलं होतं की आवाज गेला तर पुढचं बघू, न्हाईतर बास. आता ते म्हणाले, "गाडी गप झाली न्हवं? मंग चला." आत्याबाई देवघरात जाऊन बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. मला वाटलं, मी काहीतरी मिळवलं. एवढ्या मोठ्या दुखण्यापुढं माझ्या हातात होती ती एक गोष्ट मी केली.

या सगळ्या काळात मामंजींचं जेवण कमी होत चाललं होतं. सदरे खांद्यावरून ओघळायला लागले होते. दंड बारीक झाले, गालफडं आत गेली. हे आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. रोज दिसत होतं. पण ती एक काळजी होती आणि गाडीचा आवाज ही दुसरी. दोन्ही एका घरात राहत होत्या आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या.

भात कापून, झोडून झालं. गिरणीवरून नवा तांदूळ आला. आमच्या घरात एक रीत आहे. नवा तांदूळ मामंजींच्या बहिणीकडं पोचल्याशिवाय आमच्याकडं शिजत नाही. त्यांची बहीण, म्हणजे नवऱ्याची आत्या, सूसला दिलेली. सूसला आता सगळीकडं सोसायट्या झाल्यात, आत्यांच्या स्वतःच्याही खोल्या नोकरदार मुलांना भाड्यानं दिलेल्या आहेत. तांदूळ त्यांना कुठल्याही दुकानात मिळेल. पण भावाच्या खाचरातला तांदूळ भावानं आणून द्यायचा, ही गोष्ट वेगळी. दर वर्षी मामंजी स्वतः जात, दारात कट्टे उतरवत आणि चहा पिऊन येत. त्या वर्षी ते शक्य नव्हतं.

"सूनबाई, तू न्हे," ते म्हणाले.

डिकीत घडीची व्हीलचेअर होती, ती काढायची तर पुन्हा नीट बसवायला वेळ लागतो. म्हणून नवऱ्यानं दोन्ही कट्टे मागच्या डाव्या सीटवर एकावर एक ठेवले. ते कलंडू नयेत म्हणून पट्टा लावला. मामंजी ओसरीवरून बघत होते. "आवळून लाव," एवढंच बोलले.

मोरीवरून गाडी उतरली आणि मागून आवाज आला. 'ठॉक्.'

'टिक्' नव्हे, 'ठक्' नव्हे. पहिल्या दिवशीचा होता तसा, अख्खा. मी गाडी थांबवली. पहिला विचार आला तो गॅरेजवाल्याला शिव्या घालण्याचा. दुसरा विचार मनाच्या दाराशी येऊन थांबला आणि मी त्याला आत घेतलं नाही. लवळ्यावरून सूसला गेले. वाटेत जिथं जिथं गतिरोधक होते, तिथं तिथं आवाज आला.

आत्यांच्या मुलानं कट्टे उतरवले. आत्यांनी कट्ट्यांवर हळदकुंकू वाहिलं, भावाची चौकशी केली, डोळ्याला पदर लावला. मी चहा घेतला, पण लक्ष बाहेर गाडीकडं होतं. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक उंच गतिरोधक आहे. रिकामी गाडी त्यावरून नेली. आवाज नाही. परत आले आणि आत्यांच्या मुलाला म्हटलं, एक कट्टा परत सीटवर ठेव. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि ठेवला. आवाज नाही. आता दुसराही ठेव. 'ठॉक्.' आता एक काढ. काही नाही.

आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अगं, तांदूळ द्यायला आलीयास का फिरवायला? काय चाललंय तुजं?"

मी गाडी बंद केली. चूक पुन्हा घडवून दाखवता आली होती. दोन कट्ट्यांना आवाज होता, एका कट्ट्याला नव्हता. शॉकअप, बुश, रबरं, कशानंच काही झालेलं नव्हतं. गाडीत जे बिघडलं होतं ते तसंच होतं. मागच्या डाव्या सीटवरचा माणूस दोन कट्ट्यांवरून एका कट्ट्यावर आला होता आणि त्याला आम्ही दुरुस्ती समजलो होतो. त्यासाठी आम्ही पेढे खाल्ले होते. मी स्टीअरिंगवर डोकं टेकून रडले. आत्यांना वाटलं भावाचं काही झालं, त्याही रडायला लागल्या.

येताना गॅरेजवर गेले. या वेळी गाडी लिफ्टवर चढवू दिली नाही. खड्ड्यावर उभी करायला लावली, चाकं जमिनीवरच, आणि मागं डावीकडं दोन धडधाकट माणसं बसवली. गॅरेजवाला खाली खड्ड्यात बॅटरी घेऊन उतरला. बऱ्याच वेळानं त्यानं खालूनच हाक मारली. मागच्या डाव्या स्प्रिंगचा अगदी खालचा वेढा तुटला होता. तुकडा स्प्रिंग ज्यात बसते त्या खालच्या वाटीत चिखलात रुतून बसलेला. गाडी उचलली की स्प्रिंग सैल पडायची आणि तुकडा गुपचूप जागेवर राहायचा. भरपूर वजन आलं की मात्र सरकून आदळायचा.

"कधी तुटली असेल?"

"गंजलाय की तुकडा. लई दिस झालं आसतील," तो म्हणाला. आणि मग त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो पहिल्यांदाच पुढं काही बोलला नाही. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा नव्या टाकल्या.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो गोठ्याकडं तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, "त्यांना सांगू नको."

पुढच्या खेपेला मामंजींना गाडीत बसवताना त्यांचा पाय नेहमीसारखा आत गेला नाही, दाराच्या कडेला अडला. पुन्हा उचलून आत घ्यावा लागला.

"गाडी उंच झाली," ते म्हणाले.

"हवा भरलीय चाकांत."

"हवेनं इतकी उंच व्हत न्हाई."

मोरी आली, गेली. आवाज नाही. पौड मागं पडलं. पिरंगुटचा घाट उतरल्यावर ते म्हणाले, "सूसवरनं फोन आला हुता. म्हणली, तुजी सून माजा तांदूळ गल्लीत फिरवीत हुती."

मी आरशात बघितलं तर ते माझ्याकडंच बघत होते.

"काय घावलं?"

"स्प्रिंग तुटली होती. खालचा वेढा."

"कवापासनं?"

"पहिल्यापासून."

त्यांनी मान हलवली. "मला वाटलंच हुतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, बसणारा मी. बसल्यावर गाडी खाली जाईना, तवाच कळलं. त्यात काय अवघड हाय?"

"मग बोलला का नाहीत?"

"हिनं नारळ फोडला हुता," ते आत्याबाईंकडं न बघता म्हणाले. "तू पेढं आणलंस. पोरगं फोनवर हसत हुतं. काय बोलायचं त्यात?"

आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचा हात मात्र मामंजींच्या हातावर आला होता. काही वेळानं मामंजींनी विचारलं, "एक कट्टा ठिवल्यावर आवाज येत न्हाई?"

"नाही."

"म्हंजी मी एक कट्टा." त्यांनी दांडीवरचा हात खाली घेतला आणि मनगटाभोवती दुसऱ्या हाताची बोटं फिरवली. "त्योबी जास्तच सांगितला म्हणायचा."

मला हसू आलं आणि लगेच पुढचा रस्ता दिसेनासा झाला. मी गाडी कडेला घेतली. भूगाव थोडंच पुढं राहिलं होतं. मामंजी अगदी सावकाश बोलले, शेताची कामं सांगावीत तसे.

"मी म्हणलं हुतं, आवाज गेला तर जाईन. त्यो गेला न्हवता, तरी गेलो. तुमच्यासाटी गेलो, त्याचं मला वाईट न्हाई. पर आता आवाज खरंच गेलाय. आता माझ्यासाटी गाडी वळीव."

माझ्याकडं उत्तरं होती. डॉक्टर काय म्हणाले, फेरी अर्धी राहिली तर काय होईल, नवऱ्याला आधी विचारायला हवं. सगळी तोंडाशी आली. मी आत्याबाईंकडं बघितलं. या घरात आल्यापासून मी त्यांना मामंजींच्या औषधाची एकही गोळी चुकवू देताना पाहिलं नव्हतं.

"वळीव गं," आत्याबाई म्हणाल्या.

मी गाडी वळवली. पौडच्या बाजारात मामंजींनी काच खाली करायला सांगितली आणि ओळखीच्या एकाला हात केला. आत्याबाईंनी घरी जाऊन नव्या तांदळाचा भात टाकायचा, असं आपल्या आपणच ठरवून टाकलं. मोरी दिसायला लागली तसा मी सवयीनं वेग कमी केला आणि सवयीनंच कान मागं लावले.

"हळू कशाला?" मामंजी म्हणाले. "पळीव. मला आता काय दुखत न्हाई."

ते खरं नव्हतं, आणि कुणासाठी बोलत होते तेही आता मला कळत होतं. मी "हो" म्हटलं आणि गाडी हळूच नेली.